दहा लांडगे

दोन वर्षं नुसते ढोल वाजत होते.
आधी ट्रेलर, मग त्या ट्रेलरची घोषणा करणारा ट्रेलर.
नातवाने, एल्मेरीने, भिंतीवर कॅलेंडर ठोकलं
आणि रोज एक चौकोन लाल खडूने खाल्ला.
"आजोबा, असं जग कुणी बनवलंच नव्हतं.
त्यात झाडाचं पानसुद्धा
स्वतःच्या मर्जीने गळतं."
मी खिडकीबाहेर पाहिलं.
केमीत नोव्हेंबरमध्ये गळायला काही उरत नाही.

बाजारात तुरी,
आणि आमच्या स्वयंपाकघरात तलवार कुणाची यावरून वाद.

मध्यरात्री दार उघडणार होतं. उघडलं.
पडद्यावर अक्षरं :
रांगेत तुमचा क्रमांक अठरा हजार चारशे बारा.
युद्धानंतरच्या रांगांबद्दल आई सांगायची,
शेवटी निदान पावशेर कॉफी मिळायची म्हणे.
एल्मेरी खुर्चीतच झोपला.
मी जागा राहिलो. रात्रपाळीची सवय,
गिरणी बंद झाली तरी डोळ्यांना कुणी कळवलेलं नाही.

पहाटे चारला आत शिरलो.
विहिरीपाशी एक दाढीवाला उभा.
म्हणाला, शूरवीरा, गाव संकटात आहे,
दहा लांडगे मार.
मारले.
म्हणाला, शूरवीरा, गाव संकटात आहे,
वीस मार.
पुढल्या गावात लांडगे लाल होते.
तोच लांडगा, रंग तेवढा वेगळा.
दाढीवालाही तोच, टोपी तेवढी नवी.
पहिले पाढे पंचावन्न.

लोक म्हणतात, तेच-ते करून माणूस सडतो.
मी नाही म्हणत.
एकतीस वर्षं चार नंबरच्या मशीनवर
मी कागदाचं तेच रीळ उतरवलं,
तोच आवाज, तोच उकडलेल्या लाकडाचा वास,
पण सकाळी ट्रक भरून निघायचा.
कुठेतरी कुणीतरी त्यावर बटाट्यांचा भाव छापायचं.
रायली बघा, समोर बसलीय,
एक टाका सुलट, एक उलट, एक सुलट,
तिला कुणी शूरवीर म्हणत नाही,
तरी रविवारपर्यंत मोजा होतो
आणि पाय त्यात जातो.

माझे चारशे लांडगे कशात जातात?

तिसऱ्या आठवड्यात एल्मेरीने कॅलेंडर उतरवलं.
नवं लावलं. नवा खेळ, वसंतात येतोय,
त्यात म्हणे पाऊस खरोखर ओला वाटतो.
नव्याचे नऊ दिवस.
पूर्वी नऊ तरी असायचे.

मी मात्र जातो अजून.
रस्ते ओस पडलेत. दाढीवाला संकट सांगत राहतो,
ऐकायला कोणी नसलं तरी.
नदीकाठी एक काळा दगड आहे,
त्याच्यापाशी मारलेला लांडगा
त्याच्याचपाशी उठतो.
रायलीच्या अंड्यांच्या घड्याळावर मोजलं :
सात मिनिटं.
अंग झाडतो, तीन पावलं डावीकडे,
तीन उजवीकडे, मग वाट बघतो.

एका रात्री मी त्याला मारायला हात उचलला
आणि ओळखलं.
अरे, हा तर पाळीवर आहे.
ये, मर, हजेरी लाव, परत ये.
याला ना सुट्टी, ना युनियन,
आणि ज्या दिवशी मालक म्हणेल, परवडत नाही,
त्या दिवशी दगडासकट दिवा बंद.
आमच्या फाटकावर निदान नोटीस लागली होती.

मी तलवार म्यान केली.
जवळ जाऊन बसलो. बसायचं बटण शोधायलाच
दहा मिनिटं गेली, एल्मेरी असता तर हसला असता.
म्हटलं, बाबा रे, थोडा दम खा.

त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही.
त्याने माझा गळा धरला.

विहिरीपाशी जागा झालो.
दाढीवाला म्हणाला, शूरवीरा.
पलीकडून रायलीने सुया न थांबवता विचारलं,
"कोण जिंकलं?"
"तो," मी म्हणालो,
आणि नदीच्या वाटेला लागलो,
घड्याळात अजून चार मिनिटं होती.