किती वॅट

लॅमिंग्टन रोडवर, तिसऱ्या दुकानात
मुफद्दल नावाच्या पोराने विचारलं,
काका, किती वॅटचा दाखवू?
हे नुसते हसले.
यांनी आयुष्यभर आवाज टेम्पोत मोजला.
एक टेम्पो म्हणजे साखरपुडा,
दोन म्हणजे लग्न,
चार म्हणजे विसर्जन, आणि मग
दुसऱ्या दिवशी चौकीत जाऊन सही.

घरात मात्र पस्तीस वर्षं
साधा ट्रान्झिस्टर टिकला नाही.
पहाटे यायचे, कानात शिट्टी घेऊन,
म्हणायचे, भांडी सावकाश ठेव.
मी भांडी सावकाश ठेवायला शिकले.
फोडणीसुद्धा दार लोटून द्यायची.

आता डावा कान पूर्ण गेलाय,
उजवा, त्याच्या मर्जीने.
आणि आत्ता यांना घरात गाणं हवंय.

मुफद्दल एकेक खोकं उघडत गेला.
हा बघा, रंगीत दिवे लागतात.
हा पाण्यात पडला तरी वाजतो.
आमच्या नळाला चाळीस मिनिटं पाणी, मी म्हटलं,
कोण टाकतंय याला पाण्यात?
हा खांद्याला अडकवून चौपाटीवर न्या.
याची बॅटरी आठ तास, याची चोवीस.
सगळ्यांनी एकच गाणं म्हणून दाखवलं,
शब्द कमी, धक्के जास्त.
मीही म्हटलं होतं तसंच, पाठ केलेलं,
हे बघायला आले होते तेव्हा.

यांनी कान दिलाच नाही.
चष्मा खिशात घातला
आणि एकेकाच्या पाठीवर तळहात टेकवला,
ताप बघतात तसा.
हा नुसता ओरडतो, पोटात काही नाही.
याचं खोकं कच्चं, वर्षात खुळखुळा होईल.
पोरगा माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं, लावू दे त्यांना हात.

काळा, बुटका, उचलायला वर दांडी,
वजन साडेसहा किलो.
त्याच्यावर हात राहिला.
राहिलाच.
मुफद्दलने गाणं बदललं. कोणी म्हातारी बाई,
एक तंबोरा आणि ती.
मी यांची बोटं बघत होते.
करंगळी हलली तेव्हा मला कळलं
की बाई खाली उतरली, षड्जावर.

किंमत ऐकून मी फ्रीजचा विचार केला.
रबर बदललं तर निघेल अजून दोन वर्षं.

पैसे मोजून झाल्यावर पोराला प्रामाणिकपणा सुचला,
काका, खोली केवढी तुमची? एवढा कशाला?
हे म्हणाले, हळूच लावायचाय.
लहान मशीन हळू लावलं की पुटपुटतं.
हे हळू लावलं की हळू बोलतं.
मी इतक्या वर्षांत
यांच्या तोंडून हळू हा शब्द
भांड्यांसाठीच ऐकला होता.

शिवडीला घरी आणून कपाटावर जागा केली,
कुकर आणि देवाचं तेल खाली आलं.
म्हणाले, तू बाहेर जा.
कुडतरकरांच्या दाराशी उभी राहा,
त्यांची सून बाळंतीण आहे.
तिथपर्यंत पोचला की हात वर कर.
मैदानात शेवटच्या रांगेत
पोरं उभी करायचे ना, तसं.
मला कधी नेलं नव्हतं.

मी गॅलरीत, अनवाणी.
आत म्हातारी सुरू झाली.
आधी नुसती चाहूल,
मग आमच्या दाराच्या कडीत बारीक थरथर,
मग शब्द.
हे उंबऱ्याआडून माझ्याकडे बघत,
एक हात बटणावर,
दुसरा कपाटाच्या फळीला चिकटलेला.

कुडतरकरांचं बाळ झोपलं होतं.
मला अगदी स्वच्छ ऐकू येत होतं.
हात वर करायला हवा होता.
मी पदर सारखा केला,
चप्पल शोधल्यासारखं केलं,
अजून थोडं येऊ दिलं.