पोट आणि पाठ

शाळेच्या स्वयंपाकघराला लागून एक खोली आहे,
पूर्वी तिथे सरपण रचून ठेवत.
आता एक टेबल, दोन खुर्च्या, एक शेगडी
आणि सकाळी साडेनऊला रेमिहियो.
चिलोएच्या बेटावरच्या धुक्यात ओली झालेली लोकरी टोपी
तो शेगडीशी वाळत घालतो, मग पुस्तक उघडतो
दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडावं तसं.

पहिल्या दिवशी घडाघडा वाचलं त्याने.
पान उलटायचं विसरला, तरी वाचतच राहिला.
बहिणीकडून ऐकून ऐकून धडा पाठ होता.
मी काही बोलले नाही. पुस्तक मिटलं,
म्हटलं, होडीचे भाग सांग.

नाळ, कणा, फासळ्या,
फळ्यांच्या सांध्यांत ठासायची झाडाची साल,
कुठली गाठ ओढली की सुटते,
कुठली ओढली की आवळते.
मी लिहीत गेले, हात भरून आला.
मग तेच कागद त्याच्यापुढे सरकवले:
हे तुझंच बोलणं. बघ, ओळख देतं का.

काही शब्दांनी दिली.
बे आणि दे यांचं मात्र जमेना.
एकच काठी, एकच फुगवटा.
बे म्हणजे पोट पुढे काढून चाललेला पाद्री,
दे म्हणजे पाठीवर बटाट्याचं पोतं घेतलेली बाई.
वाळूत गिरवले, कणकेचे वळले.
तो हसला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाद्र्याच्या पाठीवर पोतं.

ऑगस्ट संपता संपता एका सोमवारी
टोपी न काढताच बसला.
"आमच्या होडीचं नाव चुकलंय."
कान्देलारिया, त्याच्या आईचं नाव,
बापाने लग्नाच्या वर्षी स्वतः रंगवलेलं,
निळ्यावर पांढरं, हातभर अक्षरांत:
कान्बेलारिया.
"पोट पुढे आलंय," तो कुजबुजला. "सांगू त्यांना?"

मी शेगडीत एक ओंडका सरकवला.
एलिसेओ. याच शाळेत, शेवटच्या बाकावर.
वाचताना अडला की मी त्याला इथे पाठवायचे,
लाकडं रच म्हणून.
सुरेख रचायचा.
आणि प्रगतिपुस्तकात माझ्या वळणदार अक्षरात शेरा:
आळशी. अभ्यासात लक्ष नाही.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती त्यात.

सांग म्हणावं की नको, मला ठरवता येईना.
पोरगाच म्हणाला, राहू दे.
इतकी वर्षं तरंगतेय ना त्या नावावर.
मग जीभ दातांत धरून वहीत लिहिलं,
कान्देलारिया.
पोतं जागच्या जागी, पाठीवर.

संध्याकाळी मी धक्क्यावर गेले.
एलिसेओ जाळ्यातला गुंता सोडवत होता.
मला पाहून उठला, टोपी काढली,
वर्गात उभा राहायचा तसाच उभा राहिला.
"पोराचं काही चुकलं का, बाई?"
नाही, मी म्हटलं. पोराचं नाही.
पुढचं वाक्य वाटभर घोकलं होतं मी,
पण पहिल्याच अक्षराशी अडले,
मागे गेले, पुन्हा अडले.

त्याने जाळं खाली ठेवलं.
आणि थांबला,
घाई न करता,
माझं वाचून होईपर्यंत.