चार सेकंद

रात्री अकरानंतर गल्लीतल्या स्कूटरी निजतात.
मग मी पंखा बंद करते, फ्रिजचंही बटण,
ओट्यावर एकीकडे तांदळाचा डबा, एकीकडे साखरेचा,
मध्ये सेतूसारख्या दोन लाकडी पट्ट्या
आणि पट्ट्यांवर मोबाइल पालथा.
खाली कागद. कागदावर माझा हात.
जगाला एवढीच दिसते मी,
मनगटापर्यंत:
अंगठ्याजवळ इस्त्रीचा जुना चटका,
निळं पेन.

"छेद सारखे नसतील तर वजाबाकी होत नाही, बाळांनो."

बत्तीस वर्षं हेच वाक्य दांडिया बाजारात, फळ्यापुढे.
शेवटच्या मराठी वर्गात सात मुलं होती,
पुढच्या जूनमध्ये नुसते बाक.
तेव्हा भुवयांवरून कळायचं कुणाचं कुठं अडलंय.
अडली की शाल्मली वेणीचं टोक चावायची
आणि मी खडू खाली ठेवायची.

इथे भुवया नाहीत.
म्हणून विचारते, "किती आलं?"
मनात चार मोजते
आणि म्हणते, "शाब्बास."

वरच्या मजल्यावरचा ध्रुमिल
व्हिडिओ कापून-जोडून देतो, इंजिनिअरिंगला आहे.
"बेन, आ खाली जग्या काढी नाखुं?
चार सेकन्डमां तो छोकरां भागी जाय."
राहू दे, म्हटलं.
का, ते सांगता आलं नाही.
सवय, दुसरं काय.

परवा खंडेराव मार्केटात
सुरती पापडी दाबदाबून निवडत होते,
तेवढ्यात मागून आरोळी:
"मम्मी, आ तो पेलो हाथ छे!"
वाटलं, कुणी चोर पकडला.
मग कळलं, चोर मीच.

आई ओशाळली. "शिर्के आम्ही. हा यदुराज.
घरी मराठी, बाहेर पडला की असा."
नऊ वर्षांचा असेल. हातात अर्धी खाल्लेली मोगरी.
माझ्या तोंडाकडे त्यानं पाहिलंच नाही,
चटक्याशीच बोलत राहिला:
"तुम्ही गप्प बसता ना, तेव्हा मी उत्तर देतो.
जोरात देतो. आजोबा उठतात."

मला काही सुचेना. किलोभर पापडी घेतली, पाव हवी असताना.

जाता जाता तो वळला.
"पण चुकलं तरी तुम्ही शाब्बास म्हणता."

सूरसागराच्या कडेनं चालत घरी आले, हिशेब करत.
एकशे चौदा व्हिडिओ.
प्रत्येकात पाच तरी शाब्बास.
त्यातले किती फुकट गेले?
कुणी माझ्या भरवशावर
चुकीचं उत्तर वहीत शाईनं पक्कं केलं असेल,
खाली दोन रेघाही मारल्या असतील.
वर्गात मी कंजूष होते.
शाल्मलीला पहिलं शाब्बास मिळायला
दिवाळी उलटून गेली होती.
तिनं ते घरी जाऊन सांगितलं म्हणे, दोनदा.

आज पुन्हा पंखा बंद. तांदूळ, साखर, पट्ट्या.
ताटात निवडलेली पापडी, न संपणारी.
"पाऊणातून एक तृतीयांश गेला.
किती आलं?"

एक. दोन. तीन. चार.
शाब्बास ओठांपर्यंत आलं
आणि तिथेच बसून राहिलं,
उशिरा आलेल्या मुलासारखं, दाराशी.
पाच. सहा.
हात कागदावर तसाच. दिव्याखाली चटका चकाकतो.
कुठल्या तरी खोलीत, उद्या किंवा परवा,
एक आजोबा दचकून उठतील.
सात.
बोल रे. मी आहे.

मग हळूच म्हटलं,
"आता माझं बघ. जुळतं का तुझ्याशी?
नसेल जुळत तर कुठं फाटलं, ते शोधू."
आणि बारा लिहिले, दोन्हीकडे, छेदाच्या जागी.

सकाळी ध्रुमिल जिन्यातूनच ओरडला:
"बेन, आमां तो नव सेकन्ड खाली छे!"

म्हटलं, नीट मोज.
अकरा आहेत.