एकशे बारा कंपन्यांचं दार

टाल्लिनमध्ये, कोपलीला, ट्रामचे रूळ संपतात तिथं,
नोव्हेंबरात दुपारी साडेतीनलाच पडणाऱ्या अंधारात
मी एक दार शोधत होते.
कागदोपत्री त्या दाराआड एकशे बारा कंपन्या नांदत होत्या.
सगळ्यांकडे परवाना, सगळ्यांचा धंदा एकच:
हाताला न लागणारी नाणी
तोंड न दाखवणाऱ्या माणसांकडून घ्यायची
आणि तसल्याच माणसांना द्यायची.

दारावर पाटी लोकरीच्या दुकानाची.

हेल्वेबाईंनी चष्मा कपाळावर सारला.
"त्यांची पत्रं ना? या, या."
काउंटरखालून बुटांची खोकी निघाली.
आत सरकारी पाकिटं. माझ्याच सहीची.
एकही फोडलेलं नाही.
"महिन्याला वीस युरो देतो एक पोरगा.
बोलतो गोड. मफलर मात्र कधी घेतला नाही."

मी पंचनामा लिहिला.
खुर्च्या दोन. संगणक नाही.
संचालकांपैकी एक तीन वर्षांपूर्वी वारलेला,
एक फोन उचलतो आणि नुसता श्वास घेतो.
गेल्या तिमाहीत या उंबऱ्यावरून
चार कोटी युरो आत आले, बाहेर गेले,
पायपुसण्याला चिखलसुद्धा लागला नाही.

पाणी कुठंतरी मुरतंय हे कळायला
आमच्या खात्यानं नवी यंत्रणा घेतली.
तिला नावं जुळवायला शिकवलं,
रकमा मोजायला, रात्री-अपरात्री जागं राहायला.
संशय शिकवला.
भीड शिकवायची राहून गेली.

तिनं बुधवारी पकडलं ते हे:
एकशे चाळीस युरो. पाठवणारी नस्तेहो गुलेद,
आमच्याच इमारतीचे मजले पुसते,
माझी कचऱ्याची टोपली रोज रिकामी करते.
घेणारा तिचा भाऊ, बैदोआच्या पलीकडच्या गावात.
त्याचं नाव यादीतल्या एका नावाशी जुळतं,
एखादा 'ह' इकडेतिकडे.
यादीत जन्मसाल नाही.

ती माझ्या टेबलाशी आली, रबरी हातमोजे तसेच.
मोबाईलवर भाऊ दाखवला:
पाण्याच्या पंपाला टेकून उभा, उन्हानं डोळे बारीक.
"डिझेलचे पैसे आहेत," म्हणाली,
"शनिवारपर्यंतचंच उरलंय."
मी नियम वाचून दाखवला. तीस दिवस.
वाचताना माझा आवाज मला
कुणा दुसऱ्याच बाईचा वाटला.
ती म्हणाली, "बरोबर आहे. वाईट माणसं आहेतच.
माझ्या थोरल्याला त्यांनीच मारलं."
आणि टोपली उचलून गेली.

नियम चूक नाही.
हे मी स्वतःला दोनदा सांगितलं,
एकदा ट्राममध्ये, एकदा भांडी घासताना.
आमच्या नजरेतून निसटलेल्या पैशांनी
कुठं कुठं बंदुका घेतल्या, त्या गावांची नावं
मला पाठ आहेत. उच्चार तेवढे येत नाहीत.

तिचा कागद मी 'तातडीचे' लिहून वर पाठवला.
वर कुणीतरी रजेवर होतं.
शनिवार आला, गेला.
टोपली रोज रिकामी होत राहिली.

एकशे बारा परवाने आम्ही रद्द केले.
तोवर कंपन्या उबदार देशात पोचल्या होत्या,
नावं तीच, शेवटी फक्त एक आकडा जास्त.

सोमवारी हेल्वेबाईंचा फोन आला.
"तुमचं पत्र आलंय हो, जाडजूड आहे.
खोकी तर भरली सगळी.
लोकरीच्या टोपलीत ठेवू का?"