आईला काय न्यावं

आईला काय न्यावं, हा प्रश्न दर मार्चमध्ये
बर्फासारखा दाराशी साचतो.

कप? कप आहेत. नऊ.
चॅनल एकतीसचं निळं घुबड सगळ्यांवर,
दोघांचे कान तुटलेत, त्यांत पेन्सिली
आणि देणगीच्या पावत्या सुरळी करून.
पिशव्यांचं तर विचारूच नका,
एका पिशवीत बाकीच्या साऱ्या पिशव्या कोंबून
ती पिशवी तळघराच्या खिळ्याला, गाभण गाईसारखी.

एका वर्षी छत्री दिली,
पाद्र्याच्या गावातल्या खुनांची जी मालिका आहे, तिची.
आईनं ती कधी उघडलीच नाही.
म्हणाली, पावसात भिजेल ना.

एरो टूसॉनहून फोन करतो:
मोठा टीव्ही घेऊन टाक, अर्धे पैसे मी देतो.
त्याला काय सांगू?
की आमच्या घरी चित्र दुकानातून यायचं नाही,
छपरावरून यायचं.

उणे वीस तापमानात बाबा शिडी लावून वर,
एका हातानं धुराडं धरून, दुसऱ्यानं अँटेना फिरवत,
आणि आई खिडकीतून डोकं बाहेर काढून:
आलं! गेलं! आलं, आलं, जरा डावीकडे, गेलं बघ!
हार्लो बेच्या अख्ख्या गल्लीला कळायचं
कोर्पेलांकडे पाखरांचा कार्यक्रम सुरू झाला.
सरोवराच्या वाऱ्यानं लाल झालेले कान घेऊन
बाबा खाली उतरेपर्यंत
बगळा उडून गेलेला असायचा.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली.
आता वायर भिंतीतून येते, कुणाला वर चढावं लागत नाही.
तरी टीव्ही लावला की आई
खिडकीकडे न बघता, हळूच म्हणते,
आलं.

तर या वर्षी मी काहीच विकत घेतलं नाही.
देणगीच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी,
स्टुडिओत फोनवर बसले.
सहा फोन, गार झालेला पिझ्झा,
आणि टाय लावलेला एक जण कॅमेऱ्याला विनवतोय:
आठवड्याला एका कॉफीचे पैसे, मंडळी, फक्त एका कॉफीचे.

साडेआठला माझा फोन वाजला.
"आयला कोर्पेला. दरवर्षीचेच पंचवीस."
मी कागदावरचं वाचत गेले:
आपल्या देणगीबद्दल आभार, आपल्याला भेट म्हणून
कप किंवा पिशवी...
"नको गं बाई. पिशव्यांना पिल्लं झालीत आमच्याकडे."
"मग काय पाठवू?"
हे कागदावर नव्हतं.

पलीकडे शांतता.
तिच्या खोलीत तोच टायवाला, अर्धा क्षण उशिरा,
तीच कॉफी पुन्हा मागत होता.
"तो घड्याळं दुरुस्त करणारा वेंडेल," ती म्हणाली,
"दहाला दाखवता तुम्ही. टिकटिक ऐकता ऐकता
माझा डोळा लागतो. घड्याळ सुरू झालं का बंदच राहिलं,
कधी कळतच नाही मला.
जरा अलीकडे घेता आलं तर बघा."

मी लिहून घेतलं. भेटवस्तूच्या रकान्यात:
वेंडेल, अलीकडे.
कुणी वाचणार नाही, माहीत होतं.

तेवढ्यात कॅमेरा आमच्या रांगेवरून फिरू लागला,
पहिला फोन, दुसरा फोन, समोरच्या उंच माणसाचा खांदा,
मी केस सारखे केले, कशाला कोण जाणे.
तिकडे खुर्ची करकरली.

"आलीस," आई म्हणाली.
"जरा डावीकडे सरक."

वाढदिवस शनिवारी होता.
वेलदोड्याचा पाव नेला, आणि कप.
दहावा. कान शाबूत.