लोकांचा बर्फ

तीस वर्षं मी लोकांचा बर्फ धुतला.
कुमठेकर रस्त्यावर, जिन्याखालच्या लॅबमध्ये,
जिथे पंखासुद्धा गरम हवाच वाटत फिरायचा.
मे संपता संपता रोल यायचे,
मनालीचे, गुलमर्गचे, एकदा थेट स्वित्झर्लंडचे,
आणि मी अंधारात, नुसत्या बनियनवर,
बोटांनी चाचपत
त्यांतला हिवाळा बाहेर काढायचो.

स्वतः पाहिलेला बर्फ एवढाच :
रसवंतीतला, भुश्यात गुंडाळलेला,
हातोडीने फोडलेला.

परवा भाची आली, ऋजुता.
हिमाचलातल्या कुठल्याशा राष्ट्रीय उद्यानात
दिवसभर चालून आलेली, नाकाचं साल निघालेलं.
"गुडघाभर होता, मामा. पुढे डोलेराम,
त्याच्या पावलात माझं पाऊल.
कोल्हा नाही दिसला, पण त्याची वाट दिसली,
शिवणयंत्राच्या टिपेसारखी सरळ.
मोनाल उडाला
तेव्हा लेन्सला झाकण होतं."
मग तिने फोटो दाखवले.
सगळा डोंगर ओल्या सिमेंटचा.
रडकुंडीला आली होती पोर.
मी हसलो. म्हटलं, पहाटे टेकडीवर चल.

वेताळ टेकडी. डिसेंबर. आठ अंश.
कानटोपी, मफलर, आणि माझा डावा गुडघा,
जो दर वळणावर स्वतंत्र मत मांडतो.
समोरून एक गृहस्थ
म्युच्युअल फंडांवर मोठ्याने बोलत उतरले,
त्यांच्यामागून ऐकणारा, दमलेला.
खाणीच्या पाण्यावर धुकं बसलं होतं,
उठायचं की नाही ते न ठरवता.

"मीटर म्हणजे सरासरी काढणारा कारकून," मी म्हटलं.
"जग राखाडी असतं, अशी त्याची समजूत.
पांढरं दिसलं की बिचकतो, खाली ओढतो.
ऐकू नकोस त्याचं. दोन स्टॉप वर जा."
तिने धुकं टिपलं. मग पांढरूकाचं खोड,
उतारावर उघडंबागडं उभं.
पांढरं पांढरं आलं.
मला वाटलं, चला,
निवृत्तीनंतरही काहीतरी धुता येतं.

कातळावर बसलो. थर्मासातला चहा.
शिकवायच्या भरात म्हणालो,
"आणि सावलीतला तो निळा काढून टाक.
आम्ही काढायचो. पिवळ्याची कळ, दोनदा.
बर्फ कसा, दुधासारखा दिसला पाहिजे."

ती झाकणातला चहा फिरवत राहिली.
"पण मामा, तो निळाच होता.
पावलाच्या खड्ड्यात, आतून.
सदऱ्याला नीळ जरा जास्त झाली की होतो ना, तसा.
मी त्यासाठीच वाकले होते."

धुकं थोडं सरलं. खाली टाक्या दिसू लागल्या,
गच्च्या, गच्च्यांवरचे दोर.
त्या घरांमधून, कपाटांच्या वरच्या फळीवर,
किती जोडपी उभी असतील अजून
मी ओतलेल्या दुधात!
आणि ते गंधे मास्तर,
प्रिंट खिडकीशी धरून दहा मिनिटं उभे होते.
"तिथे काहीतरी वेगळं होतं हो," म्हणाले,
"काय ते सांगता येत नाही."
बरोबर कोणी नसायचं त्यांच्या तेव्हा, एकटेच यायचे.
मी त्यांना मॅट कागदावर दुसरी काढून दिली.
पैसे घेतले नाहीत,
एवढीच काय ती अक्कल.

ऋजुता पुन्हा खोडाशी गेली होती,
उन्हाच्या उलट्या बाजूला, गुडघ्यावर.
"हे बघ," म्हणत कॅमेरा पुढे केला.
चष्मा वर करून पाहिलं.
होता.
अगदी थोडा, सालीच्या कडेला.

माझा अंगठा उगाच हलला,
समोर कळ नसताना,
दोनदा.