काजळीचा अंगठा

हॅगशॉ स्टेशनवर उतरलं की गाव दिसत नाही,
चढ दिसतो.
दगड आडवे न अंथरता उभे ठोकलेले,
घोड्यांचे नाल घसरू नयेत म्हणून.
घोडे गेले. घसरायला आता आम्ही.

वर लेखिकाबाईंचं घर. तिकीट सहा पौंड.
टेबल, टाक, एवढीएवढीशी चष्म्याची डबी,
आणि काचेखाली बहिणीला लिहिलेलं पत्र:
दरीत आगगाडी आणली मेल्यांनी.
दोरीवरचे कपडे काळे, खिडकीतलं दूध काळं,
कालचं अख्खं प्रकरण पुन्हा उतरवून काढलं.
पत्राच्या कोपऱ्यात अंगठा उमटलाय,
काजळीचा, दीडशे वर्षांचा.
राखणीला बसलेली एनिड अ‍ॅक्रॉइड
विणकामातून मान न काढता म्हणाली,
"सगळे तेवढंच बघतात.
कादंबरीचं हस्तलिखित पलीकडे आहे."

उतरताना एक दगडी बाक लागतो.
बाई म्हणे इथं बसून शेवट जुळवायच्या.
ल्योंहून आलेलं जोडपं त्यावरून हात फिरवत होतं,
तिचे डोळे भरलेले.
ते गेल्यावर मीही टेकलो.
गार दगड, पाठीला बोचणारा.
शेवट काही सुचला नाही.

खाली क्लिफर्ड सग्डन इंजिनात पाणी भरत होता.
लोकरीची गिरणी बंद पडल्यापासून इथंच, बिनपगारी.
बाकाचं नाव काढताच हसला.
"तो मी बसवला, चौऱ्याहत्तर साली.
चढताना आईचे गुडघे धरायचे."
मग लोकांना सांगत का नाहीस?
"रडत असतात हो. मध्येच कसं सांगायचं?"
आणि पुस्तक?
"वाचायचंय," तो म्हणाला,
आपण 'या एकदा घरी' म्हणतो, तसं.

शिट्टी झाली. डबे हलले.
ज्या धुराला बाईंनी शिव्या मोजल्या
तोच आता त्यांच्या दारी माणसं ओढून आणतो,
शनिवार-रविवार, आणि जुलैत रोज.
वर कुणाच्यातरी परसात
एक बाई घाईघाईनं चादरी काढत होती.

रात्री खिशातून तिकीट निघालं.
गावाच्या नावावर क्लिफर्डचा अंगठा,
रेषान् रेषा मोजता येईल असा.
आमच्याकडे अंगठा म्हणजे
लिहिता न येणाऱ्याची सही.
कशावर केली असेल त्यानं?

खूण म्हणून ते बाईंच्या कादंबरीत घातलं.
दोनशे बाराव्या पानावर आता डाग आहे.
असू दे.